७२ टक्के मतदान आणि ग्रामसभेचा ठराव

१९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीच्या पहिल्या टप्प्यात विदर्भातील पाच मतदारसंघांत मतदान झाले. गडचिरोली-चिमूर मतदारसंघात ७१.८८ टक्के मतदारांनी मतदान केले. त्याच दिवशी, तशाच उन्हात, नागपुरात हा आकडा ५४ टक्क्यांच्या आसपास थांबला. महिनाभराने दक्षिण मुंबई आणि कल्याण या मतदारसंघांत तर निम्म्या मतदारांनी जेमतेम हजेरी लावली. २०१९ च्या लोकसभेलाही ७२ टक्क्यांच्या पुढे जाऊन गडचिरोली-चिमूर राज्यात पहिला आला होता. दर निवडणुकीनंतर या मतदारसंघाची ठरावीक छायाचित्रे छापून येतात. हेलिकॉप्टरमधून उतरणारे मतदान पथक असते, काठी टेकत आलेल्या आजीबाईंचे शाई लावलेले बोट असते, जंगलातल्या शाळेपुढची बायकांची रांग असते. त्यासोबत येणारा मथळाही ठरलेला असतो: बंदुकीवर लोकशाहीची मात.

या कौतुकाबद्दल मला काही बोलायचे आहे. मी या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवण्यात नोकरीची बहुतेक वर्षे घालवली आणि लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंतच्या अनेक निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केले. त्या रांगा मी शाळेच्या दारात उभे राहून पाहिल्या आहेत. त्या खऱ्या आहेत आणि त्यांतल्या माणसांविषयी मला आदर आहे. परंतु या टक्क्याचा जो अर्थ मुंबई-नागपुरात लावला जातो, तो त्या माणसांच्या मनात नसतो, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. टक्क्यावरून त्यांचा राजकीय कल सांगता येत नाही, व्यवस्थेवरचे त्यांचे समाधान तर मुळीच सांगता येत नाही. याहून गंभीर गोष्ट अशी की, पाच वर्षांतून एकदा त्यांनी दाबलेल्या बटणाचे आपण जेवढे कौतुक करतो, तेवढेच त्यांनी वर्षभर ग्रामसभेत घेतलेल्या निर्णयांकडे दुर्लक्ष करतो.

आधी टक्क्याकडे पाहू. गडचिरोली-चिमूर हा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत तयार झाला. त्यात गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी, चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी आणि चिमूर, तसेच गोंदिया जिल्ह्यातील आमगाव असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. मतदार १६ लाखांहून अधिक आहेत. ब्रह्मपुरी आणि चिमूर हा धानाचा पट्टा आहे, तिथे रस्ते आहेत, कॉलेजे आहेत, नवरात्र-दिवाळीपासून रात्र-रात्र रंगणारी झाडीपट्टीची नाटके आहेत. या दोन मतदारसंघांनी २०२४ च्या विधानसभेला ८० टक्क्यांच्या आसपास मतदान केले. अहेरी मात्र टक्क्याच्या बाबतीत बरेचदा या भावंडांच्या मागे असते. म्हणजे ज्याला आपण नक्षलग्रस्त भागाचे विक्रमी मतदान म्हणतो, त्यातला मोठा वाटा ज्या गावांत कधी बंदूक दिसली नाही अशा गावांतून येतो. खुद्द गडचिरोली जिल्हाही एकसारखा नाही. देसाईगंज-आरमोरीकडे कुणबी, तेली, माळी, बौद्ध आणि गोंड वस्ती शेजारी-शेजारी आहे. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व बंगालमधून येऊन वसवलेली निर्वासितांची गावे आहेत. सिरोंच्यात घरोघरी तेलुगू बोलली जाते. भामरागड आणि एटापल्लीत माडिया आदिवासी राहतात. १४ हजार चौरस किलोमीटरांहून मोठ्या या जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत आहे. एवढ्या वेगवेगळ्या लोकांच्या मनाची बेरीज एका टक्क्यात मांडायची आणि त्यावरून निष्कर्ष काढायचा, हे मुळातच धाडसाचे आहे.

आता कलाकडे वळू. आपल्याकडे एक ठोकताळा फार रूढ आहे: मतदानाचा टक्का वाढला की सत्ताधाऱ्यांना फटका बसतो. या मतदारसंघात तो पडताळून पाहावा. २००९ मध्ये येथून काँग्रेसचे मारोतराव कोवासे निवडून आले. २०१४ मध्ये टक्का वाढला आणि भाजपचे अशोक नेते जिंकले; इथवर ठोकताळा खरा ठरला. २०१९ मध्ये टक्का आणखी वाढला आणि अशोक नेतेच पुन्हा निवडून आले. २०२४ मध्ये टक्का किंचित घटला आणि काँग्रेसचे नामदेव किरसान यांनी अशोक नेते यांचा १ लाख ४१ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. राज्याच्या पातळीवरही तेच घडले. २०२४ च्या विधानसभेत मतदान ६६ टक्क्यांपर्यंत चढले, १९९५ नंतर प्रथमच एवढे, आणि सत्तेतली महायुती पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या बहुमताने परतली.

लोकसभेनंतर अवघ्या सात महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, गडचिरोली जिल्ह्यातल्या याच मतदारांनी विधानसभेसाठी मतदान केले. आरमोरीत काँग्रेसचे रामदास मसराम निवडून आले, गडचिरोलीत भाजपचे डॉ. मिलिंद नरोटे, तर अहेरीत अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे धर्मरावबाबा आत्राम. जिल्ह्यात जागा तीन आणि विजयी पक्षही तीन. अहेरीतील लढत तर राजघराण्यातच होती: वडील एका राष्ट्रवादीकडून, मुलगी दुसऱ्या राष्ट्रवादीकडून आणि पुतणे अम्ब्रिशराव अपक्ष. तिथला मतदार कोणत्या पक्षाकडे झुकला आहे, हा प्रश्न विचारणेच फारसे अर्थपूर्ण नाही. तो कोणाच्या वाड्यावर आपले काम होते हे पाहतो, कोण आजारपणात गाडी पाठवतो हे लक्षात ठेवतो आणि त्याप्रमाणे बटण दाबतो. शहरातल्या विश्लेषकाला यात मागासलेपणा दिसतो. मला त्यात परिस्थितीची अचूक जाण दिसते, कारण जिथे तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर असेलच याची खात्री नाही, तिथे गाडी पाठवणारा माणूस हाच सर्वांत ठोस जाहीरनामा असतो.

मग लोक एवढ्या संख्येने येतात तरी का? मी पाहिलेले सांगतो. आतल्या भागात मतदान केंद्र लहान असते. माझ्या वाट्याला आलेल्या एका केंद्रावर २४० च्या आसपास नावे होती आणि ती तीन पाड्यांतली होती. पहाटे साडेपाचला अभिरूप (चाचणी) मतदान करायला यंत्र टेबलावर ठेवले, तेव्हाच शाळेच्या कुंपणाबाहेर पंधरा-वीस बायका येऊन बसलेल्या होत्या. मोहाचे दिवस होते. एप्रिलमध्ये मोहफुले रात्री गळतात आणि उजाडायच्या आत वेचली नाहीत तर गुरे-रानडुकरे खातात किंवा उन्हात ती सुकून जातात. त्या बायका अंधारात टोपली भरून थेट केंद्रावर आल्या होत्या. टोपल्या व्हरांड्यात ओळीने ठेवल्या होत्या आणि सबंध खोलीला मोहाचा वास येत होता. या भागात सुरक्षेपायी मतदानाची वेळ सकाळी ७ ते दुपारी ३ एवढीच असते. साडेदहापर्यंत निम्म्याहून अधिक मतदान झाले होते. चिन्हांकित यादीत ज्यांच्या नावापुढे खूण नव्हती, ते कुठे आहेत हे मला कोणीही सांगू शकत होते: हा तेलंगणात मिरची तोडायला गेला आहे, ही बाळंतपणाला माहेरी आहे, हे दोघे वारले आहेत पण नाव तसेच आहे. म्हणजे गावात असलेले जवळजवळ सगळेच येऊन गेले होते.

लहान गावात मत न देणे ही खासगी गोष्ट राहत नाही. कोण आले, कोण आले नाही, हे सर्वांना ठाऊक असते. मत दिले नाही तर यादीतून नाव उडेल, रेशन बंद होईल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही हे मी कितीदा तरी समजावले, पण ते कितपत पटले हे मला सांगता येणार नाही. गेल्या अनेक वर्षांत या भागात आणखी एक भीती होती. मत दिले तर रात्री येणारे विचारणार आणि दिले नाही तर दिवसा येणारे विचारणार. शेजारच्या बस्तरमध्ये तर मतदारांच्या बोटाला शाई लावू नये, अशी मागणी होत आली आहे, कारण ती खूण अंगावर वागवणेच जिवावर बेतू शकत होते. ८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले आणि पाचव्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, विधानसभेचे मतदान झाले. त्या दिवशी जे मतदानाला गेले त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण जे घरी राहिले ते लोकशाहीचे शत्रू होते असे म्हणणेही अन्यायाचे आहे. दोन बंदुकांच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाची हजेरी किंवा गैरहजेरी कोणत्याच बाजूची पावती म्हणून दाखवू नये.

आता ही परिस्थिती बदलते आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे खाली ठेवली. भीतीचे सावट ओसरत असेल तर त्याइतकी आनंदाची गोष्ट नाही. ज्या आयांनी दोन्हीकडची मुले गमावली, त्यांची घरे मी पाहिली आहेत. परंतु भीती गेल्यावर उच्च मतदानाला बंदुकीला दिलेले उत्तर म्हणण्याची सोयही जाईल. मग विचारावे लागेल की हे लोक मतदान करून नेमके काय मागत आहेत आणि ते त्यांना कितपत मिळते.

मतदारांनी ते सांगण्याचा प्रयत्न यंत्रावरही केला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आले. पुढच्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत गडचिरोली मतदारसंघात साडेसतरा हजारांच्या आसपास मतदारांनी ते दाबले. यामागे ठोस कारण होते. जिल्ह्यातील नोकरभरतीत इतर मागासवर्गीयांचे आरक्षण १९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले होते आणि त्याविरुद्धची अस्वस्थता गावोगावी वर्षानुवर्षे साचली होती. उन्हात चालत येऊन, रांगेत उभे राहून, कोणालाही मत न देता परत जाणारा माणूस उदासीन नसतो. तो अगदी जागरूक असतो. फक्त त्याच्या म्हणण्यासाठी यंत्रावर जागा नसते. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये याच पर्यायाला २७,५०० मते पडून तो दुसऱ्या क्रमांकावर आला, तेव्हा त्यामागचे कारण निराळे होते. पण दोन्ही ठिकाणी टक्केवारीच्या तक्त्यात हे मतदार ‘उत्साही’ म्हणूनच मोजले गेले. गडचिरोलीत ६ टक्क्यांचे ते आरक्षण पुढे वाढवण्यात आले, पण त्यासाठी कित्येक मोर्चे काढावे लागले, आणि त्या काळात भरतीचे वय उलटून गेलेल्या मुलांना त्याचा काही उपयोग झाला नाही. ती मुले माझ्या वर्गात बसलेली होती.

येथपर्यंतचे विवेचन टक्क्याच्या मर्यादेबद्दल झाले. माझा खरा मुद्दा यापुढे आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या माणसाला मत देण्याच्या दोन जागा आहेत. पहिली मतदान केंद्राची, ती सर्वांना माहीत आहे. दुसरी ग्रामसभेची. १९९६ च्या पेसा कायद्याने पाचव्या अनुसूचीच्या, म्हणजे आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या भागात ग्रामसभेला गावाच्या कारभारात अधिकार दिले. त्याचे महाराष्ट्रातील नियम मात्र २०१४ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचा सामूहिक हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये तो मिळाला आणि २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेने स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतःच्या परवान्याने विकला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा चालते. आज जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात, हिशेब फळ्यावर लिहितात, बोनस वाटतात.

ज्यांना टक्केवारीचे प्रेम आहे त्यांनी वनहक्क नियमांतील एक तरतूद वाचावी. या कायद्याखाली भरणाऱ्या ग्रामसभेत निम्म्याहून कमी सदस्य हजर असतील तर गणपूर्ती होत नाही आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. खासदाराच्या निवडणुकीला असे कोणतेही बंधन नाही. १०० पैकी ४० जणांनी मत दिले तरी खासदार निवडून येतो आणि त्याचा अधिकार पूर्ण असतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर माडिया गावाची ग्रामसभा ही प्रतिनिधित्वाच्या कसोटीवर दक्षिण मुंबईच्या निवडणुकीपेक्षा कडक आहे. तरीही मतमोजणीचा निकाल त्याच संध्याकाळी देशभर जातो आणि त्यावर सरकारे उभी राहतात, तर ग्रामसभेचा ठराव तहसील कार्यालयाच्या आवक विभागात जातो आणि पुढे त्याचे काय होते हे गावाला बहुधा कळत नाही.

सूरजागडचे उदाहरण घ्या. एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरावर लोहखनिजाचे उत्खनन चालते. डोंगर स्थानिकांच्या श्रद्धेचा आहे आणि खाणीविरुद्ध परिसरातील ग्रामसभांनी वारंवार आवाज उठवला आहे. खाणीमुळे रोजगार मिळाला हे खरे आहे आणि तो मिळालेली तरुण मुले मला भेटतात. त्यांचे म्हणणे मी खोटे ठरवणार नाही. परंतु खाणीची क्षमता वाढवण्यासाठीची जनसुनावणी २०२२ मध्ये घेतली गेली ती डोंगराच्या पायथ्याशी नव्हे, तर शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी. मतदानाच्या वेळी २४० माणसांसाठी पथक हेलिकॉप्टरने पाठवणारी व्यवस्था, त्याच माणसांचे म्हणणे ऐकायच्या वेळी त्यांना दिवसभराचा प्रवास करून यायला सांगते. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिल्यावर तो मानला गेला. तेव्हा असे करणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. सूरजागडच्या गावांनी होकार दिला असता की नकार, हे मी त्यांच्या वतीने ठरवणार नाही. विचारायला हवे होते ते त्यांच्या गावात जाऊन, एवढेच माझे म्हणणे आहे.

दक्षिणेकडे सिरोंच्याला गेलात तर गोदावरीवरच्या मेडीगड्डा धरणाचा प्रश्न आहे. धरण तेलंगणाचे, फायदा तेलंगणाचा आणि पाणी शिरले सिरोंच्याच्या शेतांत. तिथल्या शेतकऱ्यांनी भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी उपोषणे केली. या शेतकऱ्यांनीही प्रत्येक निवडणुकीत मत दिले आहे, वेगवेगळ्या पक्षांना दिले आहे, आणि प्रत्येक पक्षाच्या राज्यात त्यांना तेच उत्तर मिळाले आहे.

याहूनही सरळ उदाहरण जिल्हा परिषदेचे आहे. गडचिरोली जिल्हा परिषदेची निवडणूक २०१७ मध्ये झाली, मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होता. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता हे मला माहीत आहे, आणि असे फक्त याच जिल्ह्यात झाले असेही नाही. परंतु ज्या जिल्ह्याच्या मतदानाची उदाहरणे शहरांना दिली जातात, त्या जिल्ह्यातल्या शाळा, दवाखाने, पाणी आणि रस्ते पाहणाऱ्या संस्थेसाठी मत देण्याची संधीच एवढा काळ मिळू नये, यावर मथळे झाले नाहीत. गावातल्या माणसाला खासदारापेक्षा जिल्हा परिषद सदस्य शंभरपट अधिक लागतो. तो सायकलवर भेटतो, बाजारात भेटतो, त्याला अडवून विचारता येते.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप घेतले जातात आणि त्यांतले काही रास्त आहेत. ग्रामसभा म्हणजे निर्मळ संस्था, असे मी मानत नाही. तेंदूच्या हंगामात कंत्राटदार काही गावांतल्या चार माणसांना हाताशी धरतात, हे मी पाहिले आहे. ठरावाच्या वहीवर आधी सह्या आणि मग मजकूर, हेही पाहिले आहे. एके काळी काही ठराव रात्री आलेल्यांच्या दडपणाखाली झाले असतील, ही पोलिसांची शंकाही अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु नेमकी हीच दूषणे निवडणुकीलाही लागू पडतात. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाची बोली कोटींत गेल्याचे उघड झाले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने २०२१ मध्ये ती निवडणूक रद्द केली. म्हणून ग्रामपंचायतीच बंद कराव्यात असे कोणी म्हटले नाही. दोष दिसला की आयोग निरीक्षक नेमतो, चित्रीकरण करतो, फेरमतदान घेतो. हीच काळजी ग्रामसभेच्या बाबतीत का घेतली जाऊ नये? ठराव संशयास्पद वाटला तर गावात जाऊन पुन्हा सभा भरवावी आणि पुन्हा विचारावे. ठराव दाबून ठेवणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप असा की, राष्ट्रीय निवडणूक आणि गावाचा ठराव यांची तुलनाच चुकीची आहे. देशाची धोरणे गावांनी अडवली तर विकास कसा होणार? या आक्षेपाचे उत्तर कायद्यातच आहे. कोणत्या बाबतीत ग्रामसभेची संमती लागते, कोणत्या बाबतीत फक्त विचारविनिमय पुरेसा आहे, हे लिहिलेले आहे. जिथे विचारविनिमय पुरेसा आहे तिथे निर्णय गावाच्या विरुद्ध जाऊ शकतो, आणि तो तसा जाईल तेव्हा कारणे लेखी द्यावीत. जिथे संमती लागते तिथे ती खरोखर घ्यावी. यापलीकडे मी काहीही मागत नाही.

आणि मागणे तरी काय आहे? पहिले म्हणजे, सुरक्षेच्या कारणावरून आतल्या गावांची मतदान केंद्रे पोलीस मदत केंद्रांजवळ हलवली जातात आणि माणसांना नाले ओलांडून आठ-दहा किलोमीटर चालावे लागते. परिस्थिती सुधारली असेल तर ही केंद्रे मूळ गावात परत न्यावीत. मतदार यादीची दुरुस्ती मिरचीच्या आणि तेंदूच्या हंगामाबाहेर, पावसाळा संपल्यावर, लोक गावात असताना करावी. केंद्रावर माडिया किंवा गोंडी जाणणारा निदान एक कर्मचारी असावा. मी स्वतः पहिल्या निवडणुकीत एका म्हाताऱ्या बाईंना यंत्र समजावू शकलो नव्हतो आणि त्यांनी शेवटी गोंधळून कोणते बटण दाबले हे त्यांनाही सांगता आले नसते. आणि ग्रामसभेचा ठराव तहसीलला पोहोचला की त्याला क्रमांकासह पोच मिळावी, ठरावीक मुदतीत लेखी उत्तर यावे आणि ते उत्तर गावात वाचून दाखवले जावे. मतदान केंद्राच्या कागदांना आपण जी शिस्त लावतो, तिचा दहावा हिस्सा या ठरावांना लावला तरी पुष्कळ होईल.

ही शेवटची मागणी माझी नाही, ती मला एका गावकऱ्याने सुचवली. मघा सांगितले त्याच मोहाच्या दिवसांतली गोष्ट. तीन वाजता मतदान बंद झाले, मी यंत्राला मोहोर लावली, १७-सी नमुन्यात एकूण मतांची संख्या भरली आणि त्याच्या प्रती मतदान प्रतिनिधींना सही करून दिल्या. पथकाला अंधार पडायच्या आत निघायचे होते. ग्रामसभेचे अध्यक्ष असलेले एक गृहस्थ एका उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून सकाळपासून बसले होते. त्यांनी आपली प्रत नीट वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि शाळेच्या कपाटातून एक जाड वही काढून माझ्यापुढे धरली. “गुरुजी, तुमचा कागद आता जवानांच्या पहाऱ्यात जाईल, हेलिकाप्टरनं जाईल. आमचा कागद मागच्या साली यष्टीनं पाठवला जी. पोचला का नाही, तेवढं तरी कोणाला विचारून द्याल का?” वहीत नाल्यावरच्या पुलाची मागणी होती आणि गावाला विचारल्याशिवाय गावाच्या जंगलात मोजणी करू नये, असा ठराव होता. दोन पाने भरून सह्या आणि अंगठे होते, त्यांत बायकांचे अधिक. मी तालुक्याला परतल्यावर संबंधित कार्यालयात दोनदा चौकशी केली. आवक नोंदवहीत त्या ठरावाची नोंद सापडली नाही. पुढच्या विधानसभेला माझी ड्यूटी दुसऱ्या तालुक्यात लागली. त्या केंद्रावर ८३ टक्के मतदान झाल्याचे मला नंतर एका सहकाऱ्याकडून कळले; नाल्यावर पूल झाला का, हे विचारल्यावर तो म्हणाला की मतदान यंत्रांचे सामान त्यांनी अजून डोक्यावरूनच पलीकडे नेले.